आजीसकट

मनिलात रविवारी दुपारी कुठल्याही साध्याशा हॉटेलात शिरा, पहिला आवाज ऐकू येतो तो टेबलं सरकवण्याचा. चार जणांचं टेबल इथं पुरतच नाही. वेटर दोन जोडतो, मग तिसरं, आणि तरीही एखादी खुर्ची कोपऱ्यात घुसवावी लागते. तान्हं बाळ, शाळकरी पोरं, कॉलेजातली मुलगी, मावश्या, काका, त्यांचे जावई, आणि मधोमध, एसीचा झोत थेट अंगावर येणार नाही अशी जागा बघून बसवलेली आजी. आजीला इथं लोला म्हणतात, आजोबांना लोलो. मेन्यूकार्ड आधी त्यांच्या हातात जातं.

मी इथं राहायला आल्यापासून हे बघते आहे आणि त्याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही. फिलिपिन्स म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बोराकायची पांढरी वाळू येते, एल निदोचे काळे कडे आणि त्यांच्या कुशीतलं हिरवंनिळं पाणी येतं. ते सगळं आहे, आणि फोटोत दिसतं त्याहून देखणं आहे. पण इथली माणसं स्वतः सुटीच्या दिवशी कुठं जातात, काय खातात, कुणाला बरोबर नेतात, हे बघितलं नाही तर हा देश अर्धाच बघितला असं मला मनापासून वाटतं.

मनिलाच्या दक्षिणेला, लागुना आणि केसोन प्रांतांच्या सीमेवर, व्हिला एस्कुदेरो नावाची नारळाची मोठी बागायत आहे. एस्कुदेरो घराण्याची ही जमीन १९८१ साली पर्यटकांसाठी खुली झाली. फाटकातून आत गेल्यावर रेड्याच्या गाडीत बसायचं. गाडीतच गिटार घेतलेला एक जण आणि गाणारी एक बाई असते, आणि माडांच्या सावलीतून रेडा त्याच्या मर्जीनं चालत राहतो. जेवण मात्र पाण्यात. हे अक्षरशः पाण्यात आहे. नारळाच्या कारखान्याला वीज मिळावी म्हणून घराण्याच्या एका पिढीनं तिथल्या नदीवर बंधारा घातला होता. त्याच्या सांडव्यावरून पाणी पडतं, आणि त्या पाण्याच्या पायथ्याशी बांबूची टेबलं आणि बाकं मांडलेली आहेत. घोट्यापर्यंत पाणी वाहतं, पाठीमागे धबधब्यासारखा पडदा आणि पुढ्यात केळीच्या पानावर भात, भाजलेला मासा, कोंबडी, फळं.

आम्ही गेलो ते ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर. तिची लोला ऐंशीच्या पुढची, गुडघे दुखणारी. पाण्याखालची फरशी शेवाळानं निसरडी झालेली असते, म्हणून मला वाटलं की लोलाला काठावरच्या छपराखाली बसवतील आणि ताट तिकडे नेतील. तसं कुणाच्या मनातही आलं नाही. एका नातवानं तिच्या चपला काढून स्वतःच्या खिशात खोचल्या. दोघांनी दोन्ही दंड धरले. तिसरा पुढे उलटा चालत होता, तिच्या पावलांकडे बघत, कुठं पाय टाकायचा ते सांगत. इतक्या लवाजम्यानिशी ती बाकापर्यंत पोचली, पाय पाण्यात सोडले आणि एवढी खुदकन हसली की शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनीही मान वळवून बघितलं. मग तिनं हातानं मासा सोलला. काटे बोटांनी चाचपून एकेक वेगळे काढले, आणि पहिला घास दोन वर्षांच्या पणतीला भरवला. "काइन ना," असं आम्हा सगळ्यांना म्हणाली. जेवा आता.

माझी आजी अशा कुठल्याच सहलीला आली नाही. आमच्या घरी महाबळेश्वर ठरायचं, गणपतीपुळे ठरायचं, आणि त्याच बैठकीत एक वाक्य हमखास उच्चारलं जायचं: तिला झेपणार नाही. आजीही म्हणायची, जा रे तुम्ही, मी आहे घर सांभाळायला. देवाला जाताना मात्र ती असायची. अष्टविनायक तिनं केले, पंढरपूरला गेली, तुळजापूरच्या पायऱ्या उतरून परत चढली. तेव्हा तिच्या गुडघ्यांचा विचार कुणी केला नाही, कारण तिथं जाणं तिचं काम होतं. मजा करणं हे तिचं काम आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं, तिलाही नाही. पाण्यात पाय सोडून हसणारी ती लोला बघताना मला ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा दिसली.

आजी सोबत असणं इथं मायेपुरतं राहत नाही, बिलातही दिसतं. २०१० च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार साठ वर्षं पूर्ण झालेल्या फिलिपिनो नागरिकाला हॉटेलातल्या खाण्यावर २० टक्के सूट मिळते आणि वर १२ टक्के व्हॅट माफ होतो. सूट फक्त त्या माणसाच्या वाट्याच्या जेवणावर असते, त्यामुळं एकत्र मागवलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी बिलाला माणसांच्या संख्येनं भागतात आणि ज्येष्ठांच्या वाट्यावर हिशेब करतात. बिल आलं की जो प्रसंग घडतो तो मला फार आवडतो. टेबलावरचे सगळे जण लोलाकडे बघतात. ती मांडीवरची पर्स उघडते. पर्समध्ये जपमाळ, रुमाल, बामची बाटली, आणि त्याखाली प्लास्टिकच्या पाकिटात जपलेलं कार्ड. ते ती सावकाश काढते, वेटरच्या हातात देते आणि परत हातात पडेपर्यंत त्याच्यावरची नजर काढत नाही. वाचलेले पैसे शंभर-दोनशे पेसोच असतील, पण त्या दिवसाच्या खर्चात तिनं स्वतःचा वाटा घातलेला असतो. आपल्याकडे एसटीनं पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला तेव्हा गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांनी कसा बाहेर पडायला सुरुवात केली हे ज्यांनी बघितलं असेल, त्यांना या कार्डाचं मोल वेगळं सांगायला नको. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून परत आलेली नाही, आणि मला ते फार लागतं. म्हातारं माणूस घराबाहेर पडावं असं सरकारला वाटतं की नाही हे अशा बारीक गोष्टींतून कळतं.

पण कायदा झाला म्हणून कोणी आजीला फिरायला नेत नाही. त्या जोडलेल्या टेबलांमागचं कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं, आणि तेही एका फोनमुळे.

मैत्रिणीचा थोरला भाऊ जहाजावर आहे. कुया म्हणतात थोरल्या भावाला, आणि वयानं मोठ्या कुठल्याही पुरुषाला, अगदी वेटरलाही. हा कुया नऊ-नऊ महिने समुद्रावर असतो. जगातल्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो खलाशी जितके भेटतात तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या देशाचे भेटत असतील. तिची एक मावशी सौदीत नर्स, दुसरी हाँगकाँगमध्ये घरकाम करते. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर राहतात असं धरलं जातं, आणि २०२३ साली त्यांनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम तेहतीस अब्ज डॉलरच्या वर होती. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी टेबलावर नाही. रविवारी जेवताना फोन काढतात, तो सॉसच्या बाटलीला टेकवून उभा करतात, आणि पलीकडे कुठल्याशा बंदरातला कुया दिसतो. प्रत्येक बशी उचलून त्याला दाखवली जाते. हे बघ सिनिगांग. हे बघ, लोलानं आज दुसऱ्यांदा भात घेतला. तो विचारतो, मासा कुठून आणला? सगळे एकदम उत्तर देतात. लोला फोनकडे बघत नाही, फोनच्या मागच्या बाजूला बघत हात हलवते, आणि कुणीतरी फोन तिच्याकडे वळवतं.

तो सुटीवर येतो तेव्हा मग जेवणं थांबतच नाहीत. विमानतळावरच अख्खी व्हॅन भरून माणसं न्यायला गेलेली असतात, आणि घरी जाण्याआधी गाडी एखाद्या हॉटेलापाशी थांबते. कोकणात गणपतीला चाकरमानी आला की घरात जी धांदल उडते, पडवीत माणूस मावत नाही आणि चूल विझत नाही, तेच इथं वर्षभर कुठल्या ना कुठल्या घरी चाललेलं असतं, कारण यांच्या चाकरमान्यांना सण साधून येता येत नाही. करार संपेल तेव्हा तो येतो. मग नाताळ त्या दिवशी, वाढदिवस त्या दिवशी, सहलही त्याच आठवड्यात. रत्नागिरी-दापोलीकडच्या ज्या घरांतली मुलं बोटीवर किंवा आखातात आहेत, त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

यामुळंच बाहेर जेवणं हा इथं चैनीचा भाग मानला जात नाही. पगार महिन्यातून दोनदा होतो, साधारण पंधरा आणि तीस तारखेला, आणि त्या नंतरच्या शनिवार-रविवारी जॉलिबी या इथल्या फास्टफूडच्या दुकानासमोर रांग दाराबाहेर येते. जॉलिबीची गोष्ट इथं प्रत्येकाला तोंडपाठ आहे आणि सांगणाऱ्याच्या आवाजात अभिमान असतो. १९७५ साली टोनी तान काक्तियोंग या तरुणानं केसोन सिटीतल्या कुबाओ भागात आइस्क्रीमचं दुकान टाकलं. गिऱ्हाइकं आइस्क्रीमपेक्षा गरम सँडविच जास्त मागतात हे त्यानं हेरलं, आणि १९७८ मध्ये जॉलिबी उभी राहिली. तीन वर्षांनी मॅकडोनाल्ड्स देशात आलं, तरी जॉलिबीला मागं टाकू शकलं नाही. जॉलिबीचं बोधचिन्ह असलेली, लाल कोट आणि आचाऱ्याची टोपी घातलेली मधमाशी लहान मुलांच्या वाढदिवसाला येऊन नाचते. पहिला आणि सातवा वाढदिवस इथं मोठा करतात. एका बाजूला मुलं, दुसऱ्या बाजूला आया-मावश्या, मध्ये कागदात गुंडाळलेला भाताचा मुटका, तळलेली कोंबडी आणि गोड स्पॅगेटी.

त्या स्पॅगेटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडची माणसं पहिला घास घेऊन बशी बाजूला सारतात. ती खरंच गोड असते, त्यात सॉसेजचे तुकडे असतात आणि वर किसलेलं चीज. घरोघरी ती करतात तेव्हा गोडव्यासाठी केळ्याचं केचप वापरतात. केळ्याच्या केचपचं श्रेय मारिया ओरोसा या बाईंना दिलं जातं. त्या अमेरिकेत शिकून आलेल्या अन्नशास्त्रज्ञ होत्या. टोमॅटो बाहेरून आणावा लागतो, केळी दारात पिकतात, तर केळ्याचंच का करू नये, हा त्यांचा विचार. महायुद्धात जपान्यांच्या छावण्यांत अडकलेल्या कैद्यांना जगवण्यासाठी त्यांनी सोयाबीनची आणि तांदळाच्या कोंड्याची टिकाऊ, सकस खाद्यं तयार केली आणि लपवून आत पोचवली. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्या गेल्या. हे कळल्यापासून मी ती स्पॅगेटी बाजूला सारलेली नाही. माझ्या मुलीला तर ती पहिल्या दिवसापासून आवडते.

मांग इनासालचं वेगळं. २००३ साली इलोइलो शहरात निघालेलं हे दुकान सात वर्षांत जॉलिबीनं आपल्या पंखाखाली घेतलं. बाकोलोद-इलोइलोकडची इनासाल कोंबडी, म्हणजे कालामान्सी नावाचं बारकं लिंबू, गवती चहा, व्हिनेगर यांत मुरवून कोळशावर भाजलेली, काडीला टोचलेली. इथं भात हवा तेवढा मिळतो. वाढपी भाताचं भांडं कडेवर घेऊन टेबलांमधून फिरत असतो, हात वर केला की येऊन वाढतो. भातावर केशरी रंगाचं कोंबडीचं तेल ओतायचं, कालामान्सी पिळायचं आणि हातानं कालवायचं. एरवी फिलिपिनो माणूस उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा घेऊन जेवतो, सुरी लागत नाही, पण इनासालच्या दुकानात हात धुवायचं बेसिन दर्शनी भागात असतं. तिथं बसले की मला आपण परमुलखात आहोत हे विसरायला होतं.

शहरातल्या माणसाची सहल बहुतेक वेळा मॉलमध्येच संपते, आणि याबद्दल माझ्या मनात दोन बाजू आहेत. हेन्री सी यांनी १९५८ साली मनिलात जोड्यांचं दुकान काढलं, त्याचं नाव शूमार्ट. त्यातूनच एसएम मॉल आले. १९८५ मध्ये एडसा रस्त्यावरचा पहिला मोठा मॉल, २००६ मध्ये मनिलाच्या उपसागरात भराव टाकून केलेल्या जमिनीवर मॉल ऑफ एशिया. बाहेर एप्रिल-मेचं ऊन, दमटपणा, वाहनांचा धूर, आत फुकटचा गारवा. मॉलमध्येच दाताचा डॉक्टर, पैसे पाठवायचं दुकान, सरकारी कागदपत्रांचा काउंटर, आणि रविवारी मिस्सासुद्धा. एस्केलेटरच्या शेजारच्या चौकात खुर्च्या मांडतात, पाद्री येतात, माणसं गुडघे टेकतात, आणि प्रार्थना संपली की तीच कुटुंबं वरच्या मजल्यावर जेवायला जातात. (मनिला आणि प्रार्थना म्हटलं की मला वसई आठवते. वसईचा गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात व्यापार करत करत मनिलाला आला, इथंच फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रूसावर मारला गेला. वसईकर पाहुणे आले की मी त्यांना हे आवर्जून सांगते. बहुतेकांना संताचं नाव माहीत असतं, मनिलाचा धागा नसतो.)

मॉलचा गारवा गरिबालाही मिळतो हे खरं. तरी शहरानं आपल्या माणसांना झाडं द्यायला हवी होती, गारवा विकणाऱ्यांवर सोपवून मोकळं व्हायला नको होतं. इथले राष्ट्रनायक होसे रिझाल यांना ३० डिसेंबर १८९६ रोजी जिथं गोळ्या घातल्या, त्या लुनेता बागेत रविवारी संध्याकाळी गेलं की माणसांची उपासमार कशाची आहे ते कळतं. हिरवळीच्या इंचाइंचावर चटया अंथरलेल्या असतात. डब्यातला भात, उकडलेली अंडी, कागदी पिशवीतली तळलेली केळी. लोला चटईवर, उशाला पर्स.

उन्हाळ्यात आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात हीच मंडळी समुद्राकडे निघतात, आणि मग खरी फिलिपिनो सहल बघायला मिळते. पहाटे चारला भाड्याची जीपनी, म्हणजे जीपसारखी लांबट मिनीबस, दाराशी येते. तिच्यात बर्फाची पेटी, कोळशाचं पोतं, मसाल्यात मुरवलेलं मांस, कलिंगडं, भात शिजवायचं भांडं, शेजारचा मुलगा आणि शेजाऱ्याचा कुत्रासुद्धा चढतो. बातांगास प्रांतात माताबुंगकाय नावाचा किनारा आहे, तिथं बांबूचे तराफे भाड्यानं मिळतात. तराफ्यावर छप्पर, टेबल, बाकं. नावाडी तो तराफा किनाऱ्यापासून थोडा आत नेऊन नांगरतो आणि दिवसभर तिथंच जेवायचं, पोहायचं, झोपायचं. ज्यांना समुद्र नको ते कालाम्बाच्या पान्सोलला जातात. माकिलिंग डोंगराच्या पोटातलं गरम पाणी तिथल्या खासगी तलावांत सोडलेलं असतं. एक अख्खं घर, तलाव आणि गाण्याचं मशीन रात्रभरासाठी भाड्यानं घ्यायचं. व्हिडिओके म्हणतात त्या मशीनला. मैत्रिणीची लोला त्यावर जुनी प्रेमगीतं गाते, डोळे मिटून, आणि मशीन तिला नव्वदच्या वर गुण देतं. गाताना तिला कोणी हसत नाही. मी कुठल्याच घरी कुणाला हसताना बघितलं नाही. या देशानं मला शिकवलेल्या गोष्टींमध्ये ही एक मोठी आहे.

तागायताय मला सगळ्यात प्रिय. मनिलापासून साठेक किलोमीटर, उंची सहाशे मीटरच्या वर, त्यामुळं हवा गार. कड्यावरून खाली ताल सरोवर आणि त्यातलं ज्वालामुखीचं बेट दिसतं. १२ जानेवारी २०२० ला तो ज्वालामुखी जागा झाला, राख मनिलापर्यंत उडाली, कड्यावरची हॉटेलं, अननसाची शेतं सगळी करडी झाली. लोकांनी फावड्यांनी राख उपसली, छपरं धुतली, आणि धूर खाली बसल्यावर पुन्हा त्याच कड्यावर टेबलं मांडली. इथं सगळे बुलालोसाठी येतात, म्हणजे बैलाच्या नळीचं वाफाळतं सूप, त्यात मक्याची कणसं आणि पालेभाजी. मी गोमांस खात नाही. माझ्यासाठी भाजलेला तिलापिया मासा आणि पिनाकबेत मागवतात, आणि पिनाकबेतमध्ये कारलं, भेंडी, वांगं, भोपळा, चवळीच्या शेंगा बघून आपल्या बाजारात आल्यासारखं वाटतं.

आपली माणसं इथं येताना पहिला प्रश्न विचारतात तो खाण्याचाच, आणि तो रास्त आहे. शाकाहारी माणसाला फिलिपिन्स अवघड जातं हे मी लपवणार नाही. भाजीतही पातिस नावाचं माशाचं पाणी असतं, नाहीतर बागूंग, म्हणजे जवळा आंबवून केलेला खारट गोळा. वरच्या पिनाकबेतमध्येही तोच असतो. तेव्हा ऑर्डर देतानाच सांगायला हवं, पातिस नको, बागूंग नको, डुकराचं मांस नको, एकेक नाव घेऊन. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासे येतात. पण भाजलेल्या वांग्यात टोमॅटो-कांदा-व्हिनेगर घालून केलेली एन्सालादा शाकाहारी होते, आणि ते भरीतच आहे. अंड्याचं चालत असेल तर वांग्याचा तोर्ता, म्हणजे ऑम्लेट, आहे. फणसाचा गर घालून तळलेली केळ्याची तुरोन आहे. सकाळी रस्त्यावर ताहोवाला ओरडत येतो, त्याच्या डब्यातलं गरम मऊसूत टोफू, गुळाचा पाक आणि साबुदाणा. मासे खाणाऱ्या कोकण-गोव्याच्या माणसाला तर इथं माहेर आहे. नारळाच्या दुधातलं अळू, ज्याला बिकोल भागात लाइंग म्हणतात. चिंच घातलेलं आंबट सिनिगांग, आणि चिंचेऐवजी कामियास घातलं तर ती आपलीच बिंबलं.

जून २०२५ पासून भारतीयांना चौदा दिवस व्हिसाशिवाय येता येतं, दिल्लीहून थेट विमानही सुरू झालं आहे, आणि मराठी बोलणं आता मॉलमध्ये अधूनमधून कानावर पडतं. मला आनंद होतो, आणि थोडं वाईटही वाटतं. बस येते, बेटं बघून होतात, आणि तिन्ही त्रिकाळ भारतीय जेवण देणाऱ्या एकाच हॉटेलात नेऊन बसवतात. बोहोल बेटावर लोबोक नदीतून तरंगणाऱ्या हॉटेलात बसून जाताना काठावरच्या गावातली मुलं युकुलेली वाजवून गातात. १५ ऑक्टोबर २०१३ च्या भूकंपात याच लोबोकच्या शेकडो वर्षांच्या चर्चचा मोठा भाग कोसळला होता, ते नंतर पुन्हा उभं केलं गेलं. तिथं शेजारच्या टेबलावर एखादं फिलिपिनो कुटुंब बसलेलं असतंच. त्यांच्याशी बोला एवढंच मला सांगायचं आहे. ते तुम्हाला "जेवलात का" असं विचारतील, आणि नाही म्हटलंत तर बशी पुढे सरकवतील. बशी पुढे सरकवणं हा इथं उपचार नाही. घ्यायचं असतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तर गेलेल्या माणसांकडेही जातात. उन्दास म्हणतात त्याला. अख्खं कुटुंब स्मशानभूमीत, थडगं धुऊन, मेणबत्त्या लावून, फुलं वाहून, आणि मग तिथंच चटई टाकून जेवण. मुलं मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण गोळा करून त्याचे चेंडू करतात. मैत्रिणीच्या आजोबांच्या थडग्यापाशी मी बसले आहे. लोला त्यांच्या आवडीचा पदार्थ थोडा पानावर बाजूला ठेवते आणि मग बाकीच्यांना वाढते. ती त्यांच्याशी रागावून बोलत होती, कुठलंसं जुनं भांडण होतं, आणि नातवंडं तिची बाजू घेत होती.

माझी आई फेब्रुवारीत येते आहे. तेव्हा इथं पाऊस नसतो, हवा सोसवते. फोनवर ती म्हणाली, तुम्ही फिरून या, मी आपली घरी बसेन, पुस्तकं आणते बरोबर. मी तिला पुस्तकं आण म्हटलं, आणि मैत्रिणीला तारीख सांगितली. आईला ते सवलतीचं कार्ड मिळणार नाही, ते इथल्या नागरिकांपुरतं आहे, पण लोलानं त्यावर तोडगा काढला आहे: आईचं जेवण तिच्या वाट्यातून जाईल. वांग्याची एन्सालादा पातिसशिवाय करायचं मैत्रिणीच्या मावशीनं कबूल केलं आहे. ठरलेली व्हॅन बारा जणांची होती आणि आता आम्ही चौदा झालो आहोत, म्हणून मैत्रिणीच्या भावजींनी मोठी व्हॅन शोधायला घेतली आहे. एक पायरी कमी असलेली मिळाली तर बघा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे, दोघींच्या गुडघ्यांसाठी.